गोळ्या मी स्वतः देते

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१० जून २०२४

रत्नमालाताई, जयभीम.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुम्ही हे बाजूला ठेवाल. तरी लिहिते. माझ्या नंबरवरून तुम्हाला फोन लागत नाही. शेजारच्या शहजादीआपाच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिला. म्हणून वसमतच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवते.

तीन वर्षांपूर्वी दारात उभी राहून मी तुम्हाला जे बोलले ते विसरलेले नाही. "आजारी भाऊ माझ्या गळ्यात बांधलात, आता या घराची पायरी चढू नका." संघपाल आत खाटेवर बसून ऐकत होते आणि एक शब्द बोलले नाहीत. माझ्यापेक्षा त्यांच्या त्या गप्प बसण्याचाच तुम्हाला जास्त राग आला असेल. त्यावर मी कधीतरी लिहीन. आत्ता माझं मन ठिकाणावर नाही.

ताई, त्यांना परत फिट आली.

शुक्रवारी सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी. ते अंघोळीला गेले होते, मी श्रेयाची वेणी घालत होते. आत बादली पडली. मग भिंतीवर काहीतरी आपटायला लागलं, एकसारखं. हाका मारल्या, ओ नाही. कडी आतून. आपाच्या नवऱ्यानं, मजीदभाईंनी, पहारीनं दार उचकटलं, तर हे ओल्या फरशीवर, डोळे वर गेलेले, तोंडाला फेस. कपाळ फुटलं, चार टाके पडले. गल्लीतली माणसं आत शिरली. कुणी म्हणालं चप्पल हुंगवा, कुणी म्हणालं दातात चमचा घाला. आपानं सगळ्यांना बाहेर काढलं. मी त्यांचे पाय धरून बसले होते, जसं काही ते उठून कुठं निघून जाणार होते.

श्रेयाच्या तिसऱ्या वाढदिवसाला आली होती ती शेवटची. त्या दिवशीच मला कळलं होतं, हा आजार त्यांना लहानपणापासून आहे. त्यानंतर तीन वर्षं काही नव्हतं.

मला एवढंच विचारायचंय. लहानपणी फिट किती वेळ राहायची? कशानं थांबायची? तुम्ही काय करायचात? आई गेल्यावर तुम्हीच त्यांना वाढवलं, दुसऱ्या कुणाला हे माहीत नाही. त्यांना विचारलं तर म्हणतात, "मला काय आठवणार? मी तिथं नसतोच."

गोळ्या वेळेवर चालू आहेत. दोन्ही वेळच्या मी स्वतः देते. त्यात काही चूक नाही.

मी तुम्हाला लिहिलंय हे त्यांना ठाऊक नाही.

करुणा


पडेगाव
२४ जून २०२४

ताई,

उत्तर आलं नाही. येणार नाही असंच वाटलं होतं. पण थांबता येत नाही.

परत दोनदा आली. घाटी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर तरुण आहेत, घाई करत नाहीत, सगळं नीट विचारतात. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "मधे गोळी चुकली होती का?" मी नाही म्हणाले. संघपालही म्हणाले, "नाही साहेब, ही स्वतः हातावर ठेवते." मग डॉक्टर म्हणाले, इतक्या नियमानं घेऊनही फिट येते, म्हणजे ही गोळी आता लागू पडत नाही. ही हळूहळू कमी करून बंद करू आणि दुसरी हळूहळू वाढवू. कुठल्या आठवड्यात किती, ते कागदावर लिहून दिलं.

ताई, मला वाटतं जुनीच गोळी चांगली होती. तुम्ही एक कराल का? घाटीत डॉक्टरांना फोन करून, नाहीतर चार ओळी लिहून कळवाल का, की याला पहिल्यापासून याच गोळीनं गुण आहे, ही बंद करू नका? तुम्ही बहीण आहात, तुमचं ऐकतील. माझं नाव घ्यायची गरज नाही.

चितेगावच्या कंपनीत हे प्रेसवर आहेत. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर काढायचा, पायानं पेडल दाबायचं. दिवसभर तेच. हात आत असताना फिट आली तर, यापुढं मी विचार करत नाही. कंपनीत त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी म्हणलं, "सांगून टाका."

"सांगितलं की दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर."

"मग सुट्टी काढा."

"किती दिवस?"



मंगळवारी मी गुलमंडीला कामावर गेलेच नाही. साडीच्या दुकानात ताप आलाय म्हणून कळवलं आणि चितेगावला जाऊन कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बसले. आतून प्रेसचे दणके ऐकू येतात. आत किती प्रेस असतील, त्यातली यांची कोणती, मला काय कळणार. तरी दणके जरा थांबले की मी बाकड्यावरून उठून गेटपाशी जायचे. चहावाल्यानं दोनदा विचारलं, "बाई, कुणाची वाट बघता?" सुट्टी होईपर्यंत बसले. ते बाहेर आल्यावर आधी त्यांचे दोन्ही हात बघितले.

ते चिडले नाहीत. माझ्याशेजारी बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "करुणा, माझ्या डोक्यातच खोट आहे. गोळ्या तरी काय करतील?"

हे त्यांनी म्हणू नये, ताई. दुसरं काहीही म्हणावं, हे म्हणू नये.

करुणा


वसमत
३० जून २०२४

करुणा,

तुझं पहिलं पत्र मी न उघडताच पोषण आहाराच्या रजिस्टरात ठेवलं होतं. दुसरं आलं तेव्हा भीती वाटली. दोन्ही उघडली.

आधी तू विचारलंस ते. लहानपणी संघाला दोन-तीन मिनिटं यायची. कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काही सरकवायचं. तोंडात काहीच घालायचं नाय, पाणीसुद्धा नाय. हातपाय दाबून धरायचे नाय. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, नाहीतर थांबून लगेच दुसरी आली, तर कुणाची वाट न बघता दवाखाना. बाथरूमची आतली कडी आजच्या आज काढून टाक.

तो चौदा वर्षांचा असताना गोळी सुरू झाली. तेव्हापासून वीस वर्षांत फिट दोनदाच आली, आणि दोन्ही वेळा गोळी चुकली होती. श्रेयाच्या वाढदिवसाच्या आधी तो माझ्याकडं आला होता, तेव्हा गोळ्या घरीच विसरला होता.

म्हणून विचारते. तुझं दुसरं पत्र मी तीनदा वाचलं. ही गोळी बंद करू नका असं डॉक्टरला मी सांगायचं, आणि तुझं नाव घ्यायचं नाय. का? रोज त्याच्या हातावर गोळी ठेवणारी तू. मग तू का सांगत नाहीस?

करुणा, गोळीचं काय झालं?

खोटं कसं लिहितात ते मला चांगलं माहीत आहे. लग्नाआधी तुझ्या वडलांना मी लिहिलं होतं, मुलगा निर्व्यसनी आहे, तब्येतीनं धडधाकट आहे. त्याच्यापुढं आणखी एक वाक्य घातलं होतं, "याबाबत आपण निश्चिंत असावे." खरं लिहिणाऱ्याला असलं जास्तीचं वाक्य लागत नाय. तू लिहिलंस, "त्यात काही चूक नाही."

फोन करू नको. तुझा आवाज आला की मला ते दार दिसतं आणि पुढं काही सुचत नाय. लिही. पण आधी डॉक्टरला सांग.

रत्नमाला


घाटी दवाखाना
९ जुलै २०२४

ताई,

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. दोन्ही दिवस डॉक्टर भेटले असते. मी गेले नाही. कडी मात्र काढली. तेवढंच केलं.

आता सांगते.

मार्च महिन्यात मी त्यांच्या गोळ्या बदलल्या. आठवड्याच्या गोळ्या मी एका डबीत काढून ठेवते. त्या डबीत मी कॅल्शियमच्या गोळ्या भरल्या, तशाच पांढऱ्या, तेवढ्याच. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऐकले नसते.

का केलं? गोळीनं ते दिवसभर पेंगायचे. बोटं थरथरायची, श्रेयाला उचलून घेतलं की लगेच खाली ठेवायचे. मोबाईलवर एक माणूस सांगत होता की असल्या गोळ्यांनी लिव्हर जातं. ही सगळी कारणं आहेत, पण मी त्यासाठी केलं नाही. ती गोळी रोज दोन वेळा मला सांगायची की तुला फसवलंय. मला वाटलं, गोळी बंद होऊनही काही झालं नाही तर आजार नव्हताच असं ठरेल. मग मला कुणी फसवलेलं नसेल. एप्रिल गेला, मे गेला. ते तरतरीत दिसायला लागले. साड्यांच्या घड्या घालता घालता मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडायचे आणि जिंकायचे.

बाथरूममध्ये पडले त्याच दिवशी मी खऱ्या गोळ्या परत भरल्या. म्हणलं, आता थांबेल, कुणाला कळायचं नाही. एवढ्यानं फिट लगेच थांबली नाही आणि डॉक्टरांनी तीच गोळी बंद करायला घेतली. माझ्या एका 'नाही'वर.

रविवारी दुपारी ते श्रेयाकडून पाढे म्हणून घेत होते. बाराचा चालू होता. 'बारा पाचं साठ'नंतर त्यांचं तोंड हललं आणि आवाज आला नाही. श्रेया हसली, "पप्पा विसरले!" तेवढ्यात ते कलले.

मी कुशीवर वळवलं. उशी सरकवली. घड्याळ बघितलं. तुम्ही लिहिलं होतं तसंच सगळं. तीन मिनिटं झाली. चार. मग जरा सैल पडले, आणि डोळे न उघडताच परत सुरू झाली. मी आपाला हाक मारली. मजीदभाईंनी रिक्षा काढली, श्रेयाला त्यांच्या घरी बसवलं, आपा माझ्यासोबत आली. छावणीपाशी गाड्या तुंबलेल्या. मजीदभाई खाली उतरून लोकांना हात जोडत होते. यांचं डोकं माझ्या मांडीवर, ओठ निळे पडत चाललेले. मी म्हणत होते, आत्ता नको, आत्ता नको. कुणाला म्हणत होते कोण जाणे.

घाटीत गेल्या गेल्या इंजेक्शन दिलं. थांबेना. दुसरं दिलं. तेच डॉक्टर धावत आले. "आत्तापर्यंत कुठली गोळी, किती, नीट सांगा. कधी खंड पडला होता का?"

आपा शेजारी उभी होती. सिस्टर होती, बाजूच्या खाटेवरच्या पेशंटची माणसं होती. मी म्हणाले, "मार्चपासून जूनपर्यंत गोळी त्यांच्या पोटात गेलीच नाही. मी बदलली होती. त्यांना माहीत नाही. ती गोळी लागू पडत होती, साहेब. मी तुमच्याशी खोटं बोलले."

डॉक्टरांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. मग सिस्टरला म्हणाले, "त्याच गोळीच्या औषधाचं इंजेक्शन लावा, लगेच."

किती वेळ गेला सांगता येत नाही. त्यांची मूठ उघडली. हात खाटेखाली लोंबला. मला वाटलं संपलं. मी ओरडले असेन, कारण सिस्टर म्हणाली, "अहो बाई, श्वास चालू आहे. झोपलेत."

काल शुद्धीवर आले. मला ओळखलं. श्रेयाचं नाव मात्र आठवेना. "आपली ती... आपली..." करत राहिले. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. आज सकाळी आठवलं. डॉक्टर म्हणतात, बाकीचंही येईल. जुनीच गोळी परत चालू केली आहे.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. आपा म्हणाली, "मैं नै बोलती. तेरेच कू बोलना पडता. और जल्दी बोल, नै तो फिर हिम्मत नै होती."

ताई, तुम्ही या. माझ्यासाठी नका येऊ. मी सांगितल्यावर त्यांच्याजवळ त्यांचं स्वतःचं एक माणूस पाहिजे.

करुणा


दौलताबाद
२१ जुलै २०२४

ताई,

आई उद्या गुलमंडीला जाणार आहे. वाटेत पडेगावला उतरून हे पत्र तुमच्या हातात देईल. आता तुम्ही माझ्या घरात आणि मी माहेरी.

वॉर्डात आलात तेव्हा माझ्याकडं न बघता तुम्ही सरळ त्यांच्या खाटेपाशी गेलात. मला त्यानं बरं वाटलं. तुम्ही औषध आणायला खाली गेलात तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यांनी तुम्हाला किती सांगितलंय मला माहीत नाही, म्हणून लिहिते.

वाटलं होतं ओरडतील. ते हळूच म्हणाले, "तीन महिने?"

"व्हय."

"मी हात पुढं करायचो आन् तू ठेवायचीस."

"व्हय."

"तिथनं मी प्रेसवर जायचो, करुणा."

मग भिंतीकडं तोंड करून पडले. घरी सोडलं त्या दिवशी म्हणाले, "श्रेयाला घेऊन आईकडं जा. तुझ्या हातचं पाणी प्यायला मला भीती वाटते."

मी आले. त्याला आज पाच दिवस झाले.

किल्ल्याखाली आईची भाजलेल्या कणसांची गाडी आहे. दिवसभर तिथं निखारे फुंकते. फोन वाजला की निखारे तसेच सोडून आधी नाव बघते. आई म्हणते, "आता परत जाऊच नको. एक तर आजारी, वरून मिजास." मी आईवर ओरडले. जन्मात पहिल्यांदा. ती काय वेगळं बोलली, तीन वर्षं मीही मनात तेच म्हणत होते.

दोन गोष्टी तुम्हाला सांगायच्या राहिल्या. त्यांना गच्चीवर कपडे वाळत घालायला एकट्यानं जाऊ देऊ नका. कठडा कमी उंचीचा आहे. आणि जागरण होऊ देऊ नका, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा वेगळाच दिसतो.

तिसरी गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. श्रेया खेळता खेळता थांबते, कुठंतरी बघत राहते. सगळीच पोरं बघतात. मी लगेच हाक मारते. ती "काय मम्मी?" म्हणते. दर वेळी ओ देते. तरी मी दिवसातून वीस-वीस वेळा हाक मारते. काल ती रडायला लागली, "मी काय केलं?" डॉक्टरांना हेही विचारायला पाहिजे, आणि या वेळी मी सगळं खरं सांगणार आहे. पण उत्तर काय येईल त्याची भीती वाटते.

ते नीट जेवतात का, एवढं आईजवळ सांगा.

करुणा


पडेगाव
१२ ऑगस्ट २०२४

ताई,

तुमची रजा संपली म्हणून शनिवारी तुम्ही वसमतला गेलात, आणि रविवारी सकाळी संघपाल दौलताबादला आले. एकटे. बसनं.

मी गाडीवर होते. रस्त्याच्या पलीकडं बस थांबली आणि हे उतरले. दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्या चाललेल्या. मी हातातला चिमटा घेऊनच पळाले.

"एकटे कशाला आलात? वाटेत काही झालं असतं तर?"

"लोकांनी उचललं असतं. खिशात चिठ्ठी आहे, काय करायचं ती."

मग म्हणाले, कंपनीतही सांगून टाकलंय. सुपरवायझर सुदर्शन साहेब आधी चिडले म्हणे, इतकी वर्षं लपवलंस, हात गेला असता तर जबाबदार कोण. मग प्रेसवरून काढून स्टोअरला टाकलं. तिथं किती दिवस ठेवतील, सांगता येत नाही म्हणाले.

श्रेया येऊन बिलगली. आईनं त्यांना कणीस दिलं आणि परत निखारे फुंकायला लागली. आम्ही दोघं खंदकाच्या कडेला भिंतीवर बसलो. मी त्यांना आतल्या बाजूला बसवलं. ते कणसाचे दाणे सोलायला लागले.

मग म्हणाले, "तुझ्या वडलांना ताईनं जे पत्र लिहिलं ना, धडधाकट म्हणून, ते तिनं मला दाखवलं होतं. पोस्टात मी टाकलं."

त्यांनी आणखी चार दाणे सोलले.

"लग्नानंतर पाच वर्षं ती गोळी मी तुला ॲसिडिटीची म्हणून सांगितली. अन् तू ताईला दारातून घालवलंस, तेव्हा मला बोलायला पाहिजे होतं. बोललो असतो तर हे सगळं बाहेर आलं असतं. म्हणून तिला जाऊ दिलं."

ताई, हे तुम्हाला माहीत होतं. तरी तीन वर्षं सगळा दोष तुम्ही एकट्यानं अंगावर घेतलात.

मला रडू आलं, तर म्हणाले, "रडू नको. मी केलं म्हणून तू केलंस ते बरोबर होत नाय. मी मेलो असतो."

"व्हय."

"राग गेलेला नाय माझा. गोळ्या आता माझ्या मी घेणार. तुझ्यावर विश्वास बसायला लई दिवस लागतील. कदाचित बसायचाही नाय."

"मग आलात कशाला?"

त्यांनी कणीस खाली ठेवलं. रस्त्याकडं बघत म्हणाले, "ताई काल गेली. रात्री घरात मी एकटा. मला भीती वाटली, करुणा. पडलो तर कुणाला कळायचं नाय, याची नाय. मला स्वतःचीच भीती वाटते. चौदा वर्षांचा होतो तेव्हापासून वाटते. कुणाला बोललो नाय. ताईला बी नाय."

आठ वर्षं मी या माणसाच्या आजाराला घाबरत होते. तो स्वतः किती घाबरलेला आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी म्हणलं, "मला बी वाटते."

"माहिताय," म्हणाले. "चल घरी."

श्रेयाला घेऊन पुढच्या बुधवारी आम्ही दोघं डॉक्टरांकडं जाणार आहोत. त्यांनीच ठरवलं. तिला तपासायला नेण्याआधी सगळं एका कागदावर लिहून काढू म्हणाले, कुणाला कधी काय झालं ते, काही न लपवता. तुमच्याकडचं लहानपणाचं जे असेल ते लिहून पाठवा.

परतीच्या बसला गर्दी होती. एका बाकावर जागा मिळाली. त्यांना खिडकीशी बसवलं, श्रेयाला मांडीवर घेतलं आणि मी बाकाच्या बाहेरच्या कडेला बसले, म्हणजे पडलेच तर माझ्या अंगावर पडतील. शरणापूरच्या पुढं त्यांचे डोळे मिटले आणि मान माझ्या खांद्यावर आली. श्वास मोजला. साधी झोप होती. तरी मी मोजत राहिले.

पडेगाव आलं तेव्हा स्वतःच जागे झाले. "आलं का?" म्हणाले.

मी म्हणलं, "आलं. सावकाश उतरा."

तुमची,
करुणा